मधल्या खुर्चीतली ही

त्या दिवशी सकाळी आम्ही गच्चीवर चादरीची घडी घातली. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. सोलापुरी चादर, जाडजूड, एकट्याला आवरत नाही. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या.

"ओढा. सैल सोडू नका. आता तुम्ही या इकडे. अहो, तुम्ही या, मी नाही येणार."

मी गेलो. टोकाला टोक लावलं. तिने माझी कड बघितली आणि म्हणाली, वाकडी आहे, परत. आम्ही चादर उलगडली आणि पुन्हा घडी घातली. मग ती खाली गेली, कुकर लावला, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि तिथेच संपली. शिट्ट्या होत राहिल्या. मी बाहेर पेपर घेऊन बसलो होतो. म्हटलं, ही गॅस बंद का करत नाही.

लोक म्हणाले, भाग्याचं मरण. म्हणणाऱ्यांनी मरून बघावं.

संध्याकाळी वैकुंठ स्मशानभूमीत नेलं. त्याआधी घरी तिच्या कंपनीतल्या जुन्या बायका बऱ्याच आल्या होत्या. त्यांतली एक वर घरात आलीच नाही. खाली पार्किंगमध्ये, दुसऱ्याच्या स्कूटरला टेकून उभी होती. तिचा फोन सारखा वाजत होता आणि ती सारखा बंद करत होती. मी तिला बघितलं, तिने मला बघितलं. तिला सांगायची एक गोष्ट माझ्या पोटात बरीच वर्षं पडून होती. ही असेपर्यंत बोलायचं नाही, असं हिने मला बजावलं होतं. आता ही नव्हती.

ती गोष्ट सांगायची तर आधी ही काय बाई होती ते सांगायला हवं.

मी रिक्षा चालवायचो. चौथीपर्यंत शिकलो. ही मॅट्रिक झालेली, हे तिने मला कधी बोलून दाखवलं नाही, पण विजेचं बिल माझ्या हातातून काढून घ्यायची. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत एक कंपनी होती, गाड्यांच्या आतल्या वायरी बांधायची. मोठ्या फळ्यासमोर बायका दिवसभर उभ्या राहून वायरी खिळ्यांत अडकवायच्या आणि वरून टेप गुंडाळायच्या. अशा फळ्यांची एक ओळ, म्हणजे लाइन. ही तिथे टेप गुंडाळायला लागली ती पोरवयात. पुढे सुपरवायझर झाली. मग देशात परदेशी कंपन्या यायला लागल्या, हिच्या कंपनीलाही कोणीतरी बाहेरचा भागीदार मिळाला. इंग्रजी पाट्या लागल्या, कॉम्प्युटर आले, आणि हिला मॅनेजर केलं. केबिन दिली. ती केबिन जिन्याच्या मधल्या वळणावर होती. वर साहेबांचं ऑफिस, खाली लाइन, आणि मध्ये काचेच्या खोक्यात ही. वरून उतरणारा हिला बघायचा, खालून चढणारा हिला बघायचा.

वरून हुकूम आला की सगळ्यांनी हिला मॅडम म्हणावं. ही खाली जाऊन म्हणाली, ताईच म्हणा गं, मला वळून बघायची सवय तीच आहे.

टेपची सवय मात्र हिची घरीही गेली नाही. पिशवी फाटली, टेप. माझ्या चष्म्याची काडी तुटली, टेप. डाळींच्या डब्यांना रंगीत टेप, तुरीला पिवळी, मुगाला हिरवी. मी एकदा चुकीच्या डब्यात डाळ ओतली तर मला म्हणाली, लाइन थांबवलीत तुम्ही.

वाईट बातमी ही चहाच्या आधी देत नसे. कंपनीतही नाही, घरीही नाही. रिकाम्या पोटी माणसाला काही सांगू नये, हे तिचं शास्त्र. माझा भाऊ गावाकडे वारला तेव्हा हिने आधी मला चहा पाजला, वर बिस्किटं दिली. मी मजेत खाल्ली. मग सांगितलं. तेव्हापासून हिने न मागता बिस्किट पुढे केलं की मी बशी परत सरकवायचो. पाहुण्यांना वाटायचं, याला गोड चालत नसेल.

पण हिचा खरा धंदा वेगळाच होता. ही म्हणायची, "मी गाळणी आहे. चहा पलीकडे जातो, चोथा माझ्याकडे राहतो."

वरचे साहेब म्हणायचे, या बायकांना कामापेक्षा गप्पा जास्त. ही खाली येऊन सांगायची, आज जरा हात उचला गं, माल जायचाय. खालच्या बायका म्हणायच्या, त्या मेल्याला एक दिवस उभा करा फळ्यासमोर, पाय सुजले की कळेल. ही वर जाऊन सांगायची, सर, उभं राहायला रबरी मॅट मिळाल्या तर काम वाढेल. मॅट आल्या. वरच्या ऑफिसात, बेसिनसमोर टाकल्या.

वर सगळ्यांना वाटायचं, खाली छान चाललंय. खालच्यांना वाटायचं, वरचे साहेब तसे बरे आहेत. दोन्ही खोटं. हे खोटं उचलून धरणं म्हणजेच हिची नोकरी. बरं, हातात काय होतं हिच्या? बाईला सुट्टी मंजूर करायचा हक्क वरच्यांचा. सुट्टी मिळाली नाही म्हणून शिव्या खायचा हक्क हिचा. माल कमी निघाला तर उत्तर हिने द्यायचं. माणूस वाढवून मागितला तर म्हणायचे, मॅडम, आहे त्यात भागवा, मॅनेजर कशाला केलंय तुम्हाला. युनियनवाले म्हणायचे, तुम्ही मालकाच्या. मालकाची माणसं म्हणायची, तुमचं मन अजून खालीच आहे. वरच्या कॅन्टीनमध्ये ही गेली की टेबल गप्प व्हायचं. खालच्या कॅन्टीनमध्येही तेच. शेवटी ही डबा काचेच्या खोक्यातच उघडायला लागली.

चोथा माझ्या रिक्षात पडायचा. संध्याकाळी मी गेटवर उभा असायचो. ही मागे बसायची आणि गोळीबार मैदान येईपर्यंत एक शब्द नाही. मैदान ओलांडलं की सुरू. बिबवेवाडीला पोचेपर्यंत त्या साहेबाचे सात पिढ्यांचे पूर्वज रस्त्यावर यायचे. सिग्नलला शेजारचे वळून बघायचे. मी आरशातून म्हणायचो, अगं, हे तिथे बोल. ती म्हणायची, तिथे बोलायचा मला पगार नाही.

मग नवे साहेब आले. तरुण, बाहेर शिकून आलेले, आवाज कधी चढला नाही. असा माणूस मला आवडत नाही. ओरडणारा निदान दमतो.

त्यांनी नियम काढला की अख्ख्या लाइनला एकच टोकन. लाकडी, लाल रंगाचं, गळ्यात घालायला दोरी. संडासला जायचं तर ते गळ्यात घालून जायचं, आणि ते परत येईपर्यंत दुसरीने जायचं नाही. म्हणजे लांबून दिसावं, कोण कुठे चाललीय. हिला टोकन दिलं आणि सांगितलं, उद्यापासून लागू करा.

ही ते टोकन घरी घेऊन आली. स्वयंपाकघरात गॅसशेजारी खिळ्याला अडकवलं. मी विचारलं, हे काय. म्हणाली, बायकांच्या गळ्यात घालायचं. गुरं आहेत का ती? मी म्हटलं, मग वर काय सांगणार? म्हणाली, चालू आहे म्हणून सांगणार.

आणि तिने तेच केलं. वर सांगितलं, चालू आहे. खाली फक्त इतकंच म्हणाली की एकावेळी घोळक्याने जाऊ नका. नियम आहे हेच खाली कुणाला कळलं नाही, आणि नियम मोडतोय हे वर कुणाला कळलं नाही. मी म्हटलं, हे अंगाशी येईल. म्हणाली, येऊ दे, माझ्याच अंगाशी येईल ना. इथेच ती चुकली. मधल्या माणसाच्या एकट्याच्या अंगाशी काहीच येत नसतं.

त्या लाइनवर वऱ्हाडातून आलेली एक पोरगी होती. यवतमाळकडची. नवरा कुठल्याशा इमारतीवर वॉचमन. कंत्राटावर होती, म्हणजे आज आहे, उद्या नको म्हटलं की संपलं. तिला दिवस गेले होते. पोट दिसायला लागलं तशी तिला सारखं जावं लागायचं. ही तिच्या फळ्यासमोर स्वतः उभी राहून तिचं काम ओढून ठेवायची. पाय फार सुजले तर मला सांगायची, आज हिलाही सोडा गाडीतळाला. पोरगी रिक्षात अवघडून बसायची आणि उतरताना हिच्या पदराला हात लावून कपाळाला लावायची. हिला ते आवडायचं नाही. पण पदर काढूनही घ्यायची नाही.

मग बाहेरचे पाहुणे कंपनी बघायला आले. साहेब त्यांना लाइनवर घेऊन आले आणि कौतुकाने सांगायला लागले की आम्ही वेळ कसा वाचवला. हिच्याकडे वळून म्हणाले, मॅडम, टोकन दाखवा.

ही म्हणाली, "घरी आहे."

पाहुण्यांना मराठी येत नव्हतं. साहेब हसले, पाहुण्यांनाही हसवलं आणि पुढे गेले. आजूबाजूच्या बायकांना काहीच कळलं नाही, कसलं टोकन, कुणाच्या घरी. ही मात्र फळ्याला धरून उभी राहिली. हे मला नंतर सांगताना तिचे हात तसेच धरल्यासारखे झाले होते.

पाहुणे गेल्यावर हिला वर बोलावलं. बसा म्हणाले. हा माणूस बसा म्हणाला की समजावं. म्हणाले, मॅडम, तुमचा स्वभाव मी समजू शकतो, पण मला काहीतरी दाखवावं लागेल. लाइनवरून सर्वांत जास्त वेळा उठणारी कोण, तिचं नाव द्या. कंत्राटातलीच असेल तर बरं.

कोण ते दोघांनाही ठाऊक होतं. पण साहेबांना ते हिच्या तोंडून हवं होतं. उद्या कुणी विचारलं तर मॅडमनी सांगितलं म्हणायला.

ही म्हणाली, ती पोटुशी आहे.

साहेब म्हणाले, त्यात कंपनी काय करणार?

"तिचं नाव मी देणार नाही."

"मग कुणाचं देता?"

"माझं घ्या."

साहेबांनी घेतलं. इतक्या सहज घेतलं की हिला वाटलं, यांना मुळात हेच हवं होतं. ठरलं असं की हिने घरगुती कारणासाठी नोकरी सोडायची, खाली कुणाला काही बोलायचं नाही, आणि पोरीला हात लागणार नाही. पोरीला पुढे कायम करण्याचाही विचार होईल. ही हो म्हणाली.

ती जिना उतरायच्या आत साहेब लाइनवर पोचले होते. गोड आवाजात त्यांनी बायकांना सांगितलं की टोकनचा नियम केव्हाचा झालाय. आपल्या दुसऱ्या कारखान्यातल्या बायकांनी तो पाळला, त्यांची नावं कायम करण्यासाठी पुढे गेली. तुमची गेली नाहीत, कारण तुमच्या मॅडमनी नियम तुमच्यापर्यंत येऊच दिला नाही. आणि आता त्या सोडून चालल्यात.

खरं काय होतं? दर वेळी यादी घेऊन वर जाणारी हीच, आणि नंतर बघू म्हणणारे साहेब तेच. पण ते बायकांना कसं कळणार? ही गाळायची ना. साहेबांनी दिलेले नकारही हिने गाळूनच खाली दिले होते, होईल गं, चाललंय, म्हणून. मग बायकांनी साहेबांवरच विश्वास ठेवला. इतकी वर्षं साहेब बरे आहेत असं हिनेच त्यांना सांगितलं होतं.

ती पोरगी तेवढी पोटावर हात ठेवून पुढे आली.

"मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही आमाले काहून नाही सांगतलं?"

मॅडम म्हणाली ती. ताई नाही.

ही चार शब्द बोलली असती तर सगळं मोकळं झालं असतं. साहेब दोन हातांच्या अंतरावर उभे होते, बघत होते, ही बोलते का. ही बोलली नाही. डबा घेतला आणि गेटवर आली. त्या दिवशी गोळीबार मैदान गेलं, गंगाधामचा चढ गेला, घर आलं, तरी शब्द नाही. मी आरशात बघत गाडी चालवत होतो, एकदा बसला घासता घासता वाचलो. घरी आल्यावर तिने चहा टाकला आणि माझ्यापुढे बिस्किट ठेवलं. मी म्हटलं, आधी सांग. म्हणाली, आधी खा.

सगळं ऐकल्यावर मी उठलो, रिक्षाची किल्ली घेतली. म्हटलं, गेटवर उभा राहून सांगतो सगळ्यांना, मला कोण काय करतंय. ही दारात आडवी झाली. म्हणाली, तुम्ही तिथे बोललात तर पोरगी संध्याकाळी घरी बसेल. मी म्हटलं, निदान तिला एकटीला सांगू. म्हणाली, नाही. "तिला कळलं तर ती जन्मभर वाकून काम करील. रागात आहे ते बरंय. रागावलेलं माणूस ताठ राहतं. मी असेपर्यंत बोलायचं नाही. माझी शपथ आहे."

तिचं जेवण त्या दिवशी झालं. माझं नाही.

त्यानंतर त्या मधल्या खोक्यात माणसं आली आणि गेली. एक इंजिनियर आला, तो हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत पळाला. म्हणाला म्हणे, तिथे निदान एकाच बाजूने बोलतात. दुसरा आजारी पडला. तिसऱ्याने जेवणाच्या सुट्टीत गाडी काढली ती परत आणलीच नाही. कंपनीने त्यांना हॉटेलात नेऊन शिबिरं दिली, तणाव कसा घालवायचा ते शिकवायला माणूस आणला, टी-शर्ट वाटले. कुणी टिकेना.

मग एका रविवारी साहेब आमच्या घरी आले. पेढे घेऊन. आमच्या लोखंडी कॉटवर बसले, गादीत खचले. केस पिकायला लागले होते. म्हणाले, मॅडम, त्या जागेवर माणूस राहत नाही. पगार वाढवून बघितला. काय कारण असेल, तुमचा अनुभव काय सांगतो?

मी दुसऱ्या खोलीत होतो. कान इकडेच.

ही म्हणाली, "साहेब, तिथे तुम्ही माणूस ठेवतच नाही. दार ठेवता. वरच्यांनी वरून लाथ मारायची, खालच्यांनी खालून. दार किती वर्षं टिकेल?"

साहेब म्हणाले, तुम्ही परत या. म्हणाल ते करू.

तिने एकच गोष्ट मागितली. पगार नाही, केबिन नाही. म्हणाली, तुम्ही एकदा लाइनवर उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगा की टोकन तुमचं होतं आणि बायकांची नावं मी दर वेळी पुढे पाठवत होते. एवढं सांगा, दुसऱ्या दिवसापासून येते.

साहेबांनी चहा संपवला. बघतो, म्हणाले. अजून बघताहेत.

पोरगी पुढे कायम झाली, तेवढा शब्द साहेबांनी पाळला. आम्हाला ती कुठे दिसली तर रस्ता ओलांडायची. एकदा एका लग्नात समोरासमोर आली आणि पाठ फिरवून बसली. मी हिच्याकडे बघितलं. ही मठ्ठा पीत होती. म्हणाली, साडी चांगली नेसायला लागली आता. घरी येईपर्यंत मात्र तिने माझा दंड सोडला नाही, पन्नाशी उलटलेली बाई, भर रस्त्यात.

मग कुणीतरी सांगितलं की त्या मधल्या खुर्चीत आता तीच बसते. हिने ते ऐकलं आणि त्या दिवशी डब्यांवरच्या सगळ्या टेपा काढून नव्या लावल्या.

वैकुंठातून आलो त्या रात्री झोप लागली असं म्हणणार नाही. सकाळी उजाडल्यावर मी सदरा घातला. सासरहून आलेली लेक म्हणाली, बाबा, कुठे निघालात, सुतकात कुणाच्या दारात जायचं नसतं. मी म्हटलं, दारात नाही जात, रस्त्यावर उभा राहतो. रस्ता महापालिकेचा आहे.

बस बदलून गाडीतळाला उतरलो. पोरीचं घर गल्लीच्या तोंडालाच. पोरगी म्हणायची सवय, नाहीतर तिचेही केस पांढरे झालेत. ती कामावर निघायच्या गडबडीत होती. मला बघून दारातच थांबली. मागे एक उंच मुलगी चपला शोधत होती, गळ्यात कुठल्यातरी आयटी कंपनीचं ओळखपत्र. ती कोण, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती, तेव्हा पोटात होती तीच.

"काका, आत या."

"सुतक आहे. इथूनच बोलतो."

मला घोळवून सांगता येत नाही. जसं झालं तसं सांगितलं. वर साहेबांनी काय मागितलं, हिने काय दिलं, खाली गप्प का राहिली, मला शपथ का घातली. ती ऐकत होती. एका हाताने दाराची कडी धरली होती. मधेच आतली मुलगी म्हणाली, आई, बस येईल. तिने वळून बघितलं नाही.

माझं संपल्यावर तिने कडी सोडली. मग बाहेर येऊन रस्त्यावर उभी राहिली.

"काल तुमच्या बिल्डिंगखाली फोन वाजत होता ना," ती म्हणाली. "वरचाच होता तो. आज मला वर एक नाव द्यायचंय, कामावरून काढायला."

कंपनीची बस कोपऱ्यावर आली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. ती हलली नाही. आणखी एकदा वाजवला आणि बस गेली.

मी म्हटलं, "देऊ नको असं मी सांगणार नाही. तुझं तू बघ. पण नाव कोण मागतंय, ते आधी खाली सांग. ते हिने कधी केलं नाही."

तिने मान हलवली की नाही, मला कळलं नाही. ती सिटी बसच्या थांब्याकडे चालायला लागली. मीही गेलो. तिथे बरीच गर्दी होती. बस येईपर्यंत मी तिच्या शेजारी उभा राहिलो, दोन हात अंतर ठेवून, सुतक होतं म्हणून.